जत्रेतलं कासव विहिरीत सोडू का?

मागच्या आठवड्याच्या कार्यक्रमानंतर आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. तीन वर्षांपूर्वी नातवानं हट्ट केला म्हणून त्यांनी जत्रेत दोन कासवं घेतली. तेव्हा ती रुपयाएवढी होती, हिरवीगार. विकणारा म्हणाला, घरात लक्ष्मी येते. त्यातलं एक मेलं. दुसरं आता जेवणाच्या ताटलीएवढं झालंय, टबात मावत नाही, पाण्याला वास येतो. ताई विचारत होत्या, "गावच्या विहिरीत सोडू का? तेवढंच पुण्य."

आम्ही विचारलं, डोळ्यामागं लाल पट्टा आहे का? म्हणाल्या, आहे.

म्हणजे हे आपल्याकडचं कासवच नाही. हे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, लाल कानाचं कासव. ते वीस-तीस वर्षं जगतं, हे विकणारा कधी सांगत नाही. जगभर ते असंच टबातून तळ्यात गेलं, आणि आता जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या विहिरी-तळ्यांत मऊ पाठीचं देशी कासव असतं. ते घाण, मेलेले मासे खाऊन पाणी साफ ठेवतं. हा पाहुणा त्याच्या वाट्याचे किडे, गोगलगायी, बेडकांची पिल्लं खातो, ऊन खायला बसायच्या दगडावरून त्याला हुसकावतो, वर आपले जंतू पाण्यात सोडतो. विहिरीत सोडणं म्हणजे पुण्य नव्हे, घुसखोराला घर देणं झालं.

ताईंनी बोलता बोलता आणखी एक सांगितलं. नातवाला मधेमधे जुलाब आणि ताप येतो, तो बाहेरचं खाल्ल्यामुळं असेल असं त्यांना वाटायचं. आम्ही डॉक्टर नाही, त्याला कासवामुळंच झालं असं म्हणणार नाही. पण हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. कासवाच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. कासव धडधाकट दिसतं, पण विष्ठेतून ते जंतू पाण्यात येतात, पाण्यातून पाठीवर, पाठीवरून पोराच्या हाताला, हातातून तोंडात. मोठ्या माणसाला दोन दिवस पोट बिघडून भागेल. पाच वर्षांखालच्या लेकराला, म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला ते जड जाऊ शकतं. आणि टब धुतो कुठं आपण? भांडी घासायच्या मोरीतच!

अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी केली, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची. त्यामुळं दरवर्षी सुमारे एक लाख मुलांचं आजारपण टळलं, असा तिथला अंदाज आहे. गंमत बघा, परदेशी पाठवायला मात्र तिथल्या कासव-शेतीवाल्यांना मोकळीक राहिली. आपल्या पोरांना नको, दुसऱ्याच्या पोरांना चालेल!

वेगवेगळ्या मुलखातली जनावरं एका गोदामात कोंबली, अर्धपोटी ठेवली, की एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. २००३ साली आफ्रिकेतल्या घाना देशातून मोठे उंदीर पाळण्यासाठी अमेरिकेत आणले. व्यापाऱ्याकडं त्यांच्या शेजारी तिथल्याच प्रेअरी डॉग नावाच्या खारीसारख्या प्राण्यांचे पिंजरे होते. उंदरांचा मंकीपॉक्स त्यांना लागला, आणि ती गोंडस जनावरं घरोघरी गेली. सहा राज्यांत ४७ जणांना लागण झाली. त्यातली पोरंसोरं कधी आफ्रिकेत गेली नव्हती. सुदैवानं कोणी दगावलं नाही.

आता कोणी म्हणेल, आम्ही परदेशी नाही, आपला राघूच पाळतो. तर राघूला पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. दंड होतो, कैदही होऊ शकते. पिल्लं काढायला ढोली फोडतात, कधी झाडच पाडतात, मग पुढच्या वर्षीच्या जोडीला घर उरत नाही. पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली तर न्यूमोनियासारखा ताप येऊ शकतो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव तर मुळीच घेऊ नका. ते आपल्या देशातलं आहे, आणि त्याची चोरटी विक्री इतकी झाली की २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणावी लागली. परदेशी पोपट वगैरे विकत घेणाऱ्यांनाही २०२४ पासून त्यातल्या बऱ्याच जातींची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कागद नसेल तर घेऊ नये.

आणि लक्ष्मीचं म्हणाल, तर देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच की. त्याला दाणापाणी लागत नाही.

घरात कासव असेलच तर हात लावल्यावर साबणानं हात धुवा, लहान मुलांकडं देऊ नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते कुठं द्यायचं ते विचारा. आपल्या ताईंनी तो लावला. त्यांना जनावरांच्या बचाव केंद्राचा पत्ता मिळाला. शनिवारी त्यांचा मुलगा कासव तिथं पोचवणार आहे. तोवर टब मागच्या पडवीत ठेवलाय, आणि त्याचं पाणी मोरीत नाही, संडासात ओतलं जातंय.