हक्काचा कागद (भाग 7) : एका डोळ्याचे टक्के किती?

उरणजवळच्या मोरा बंदरात राहणारा, कंटेनर यार्डात मजुरी करणारा एक माणूस डोळ्यासमोर आणा. तार तुटून फटका बसला आणि एक डोळा काढावा लागला. दुसरा शाबूत आहे. लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईत उपचार घेतले. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, सगळं जपून ठेवलंय. मग करंज्याहून तरीने रेवसला आणि तिथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात. दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्केवारी पडते 30. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग म्हणून बसायला किमान 40 लागतात. ऑक्टोबर 2025 पासून दरमहा अडीच हजार झालेलं ते अनुदान त्याला मिळत नाही.

डॉक्टरांनी हात आखडता घेतला, असा समज लगेच होतो. तो चुकीचा आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के, असं लिहिलंय. पण 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत याच इजेला 40 टक्के धरले होते. कारण तिथे विचारलेला प्रश्न वेगळा होता: कमावण्याची ताकद किती गेली?

हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये प्रताप नारायण सिंह देव खटल्यात दाखवून दिला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं गेलं. डॉक्टर शरीराचं नुकसान सांगतात, रोजगाराचं नाही. अनुदानाचा उंबरठा मात्र आपण शरीराच्या टक्क्यावरच बांधलाय, आणि कष्टकऱ्यांवर हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

तरीही आहे त्या चौकटीत कागद नीट असले तर फरक पडतो. पायाच्या तपासणीत जिना चढणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं हे सगळं पाहतात. नुसता एमआरआय यातलं काही सांगत नाही. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना केस पेपरवर निदानासोबत हेही लिहायला सांगा: सांधा किती वाकतो, स्नायूंत किती जोर आहे, आधाराशिवाय चालता येतं का. दोन अवयवांना इजा असेल तर दोन्हींचे कागद न्या. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, सूत्राने होते. 40 आणि 30 मिळून साधारण 57 होतात, पण दुसरी इजा नोंदलीच नाही तर 40 वरच थांबतात.

प्रमाणपत्र नाकारलं तर कारणं लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. निर्णय पटला नाही तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. मुदत 90 दिवसांची, त्यामुळे निर्णयाची तारीख असलेला कागद सांभाळून ठेवा.

पुढच्या आठवड्यात : ऐकू येत नाही, हे कसं मोजतात?