मासे इथलेच की सोडलेले?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सौ.चे थोरले बंधू राजापूरहून महिनाभर आमच्याकडे ग्वेल्फला राहायला आले होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. वय अडुसष्ट, आणि खाडीकाठी जन्म गेल्यामुळे पाणी दिसले की गळ टाकावासा वाटणारे. मंडळाच्या सहलीला ग्वेल्फ लेकवर गेलो तेव्हा पोहे-बटाटेवडे बाजूला ठेवून ते सरळ काठावर जाऊन उभे राहिले. शेजारी एक पोरगा बास पकडत होता. अण्णांनी थोडा वेळ पाहिले आणि मला विचारले, "भावोजी, हे मासे इथलेच की सोडलेले?"

मी इथे इतकी वर्षे राहतो, पण मला उत्तर देता आले नाही. शिवाय हा तलाव मुळी धरणाचा, १९७० च्या दशकात स्पीड नदी अडवून केलेला, हेही सहलीतल्या निम्म्या मंडळींना ठाऊक नव्हते. अण्णा परत गेले, पण त्यांच्या प्रश्नाने मला हिवाळाभर वाचायला लावले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी बरेच जण आता गळ घेऊन जाऊ लागले आहेत, आणि पिकरलचे तुकडे तर जवळजवळ प्रत्येक मासेखाऊ घरात येतात.

आधी आपल्या अंगणातले. एरामोसा नदीला मिळणाऱ्या ब्लू स्प्रिंग्ज क्रीकमध्ये ब्रुक ट्राउट आहे. झऱ्याच्या थंड पाण्यात राहणारा, पाठीवर वळवळत्या नक्षीचा हा मासा खराखुरा इथला. उलट फर्गसजवळ ग्रँड नदीत जो ब्राउन ट्राउट धरायला लोक अमेरिकेतून गाडी हाकत येतात, तो मूळचा युरोपातला. १९४२ साली तिथे शँड धरण झाले. धरणाच्या तळातून सोडलेले पाणी ऐन उन्हाळ्यातही गार असते. हे गार पाणी वाया का घालवा, म्हणून १९८९ पासून तिथे ब्राउन ट्राउटची पिल्ले सोडू लागले. त्यांची तिथे नैसर्गिक पैदास फारशी होत नाही, म्हणून दरवर्षी नवी सोडावी लागतात. बादल्या भरभरून ती नदीत नेण्याचे काम स्थानिक स्वयंसेवक करतात. त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी धरलेला मासा परत सोडावा लागतो आणि गळाला काटा नसावा लागतो. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग धरायचा कशाला?" या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अजूनही देऊ शकत नाही.

मासे सोडण्याच्या कामाला आपल्याकडच्या मत्स्यव्यवसाय खात्यात नेटके शब्द आहेत. अंड्यांतून निघालेले ते मत्स्यजिरे, बोटाएवढे झाले की बोटुकली. आपल्या धरणांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात ती मच्छीमार सहकारी संस्थांच्या उत्पन्नासाठी, म्हणजे शेवटी बाजारासाठी आणि ताटासाठी. इथे ओंटारियो सरकार वर्षाला सुमारे ८० लाख मासे सुमारे १२०० तलाव-नद्यांत सोडते. त्यांतला मोठा भाग हौशी गळवाल्यांसाठी असतो आणि काही भाग नामशेष होत आलेल्या जाती परत आणण्यासाठी. सोडलेला मासा ओळखता यावा म्हणून पुष्कळदा त्याच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर पिल्लू असतानाच कापून टाकतात. तुमच्या गळाला लागलेल्या ट्राउटला तो पर नसेल तर तो बहुधा 'सोडलेला'.

सोडण्याचा हा उद्योग इथे फार जुना आहे. टोरांटोच्या पूर्वेला न्यूकॅसल येथे सॅम्युएल विल्मट नावाच्या गृहस्थाने १८६६ मध्ये आपल्या शेतातल्या ओढ्यावर अटलांटिक सामनची अंडी उबवायला सुरुवात केली. हा सामन ओंटारियो सरोवराचा मूळ रहिवासी, एके काळी मुबलक. पण गिरण्यांच्या बंधाऱ्यांनी ओढे अडले, जंगल तुटून झऱ्यांचे पाणी तापले आणि गाळाने तळ भरला. विल्मटने पिल्ले सोडली, सरकारने ते केंद्र ताब्यात घेऊन आणखी सोडली, तरीही १८९८ च्या सुमारास त्या सरोवरातला शेवटचा अटलांटिक सामन संपला. अंडी घालायला जागाच उरली नव्हती, तर पिल्ले जगून करणार काय? २००६ पासून तो परत आणण्याचा मोठा प्रयत्न चालू आहे, आणि त्यात ओढ्यांची दुरुस्ती हा कार्यक्रमाचा भाग आहे.

आता शेजाऱ्यांकडे वळू. ओंटारियोची पाण्यातली हद्द मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि मिनेसोटा या राज्यांना भिडते. सरोवरे एक आणि मालक अनेक. १९५५ मध्ये दोन्ही देशांनी मिळून ग्रेट लेक्स मत्स्य आयोग स्थापला, तो मुख्यतः लॅम्प्री या बांडगुळासाठी. समुद्रातून आलेला हा सापासारखा जीव माशाला तोंडाने चिकटून त्याचे रक्त शोषतो. त्याने आणि अतिमासेमारीने लेक ट्राउट जवळजवळ संपवला होता. त्यावरचे विष १९५८ पासून ओढ्यांत वापरात आले आणि लॅम्प्री आटोक्यात आला. पण कोणता मासा किती सोडायचा हे आयोग ठरवू शकत नाही. तो अधिकार प्रत्येक राज्याचा आणि प्रांताचा. आयोगाच्या टेबलाभोवती बसून एकमेकांना विचारायचे, समजूत काढायची, एवढेच. १९८१ मध्ये तशी लेखी योजनाही झाली.

मोठ्या माशांचा असा नायनाट झाल्यावर सरोवरांत अलवाइफ नावाचा छोटा रुपेरी मासा बेसुमार वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर त्याचे इतके मेलेले ढीग लागले की ते बुलडोझरने उचलावे लागले. मिशिगन राज्याच्या मत्स्य खात्याचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच, १९६६ मध्ये, पॅसिफिक किनाऱ्यावरून अंडी आणून कोहो सामनची लाखो पिल्ले सोडली होती. पुढच्या वर्षी चिनूकही सोडला. सामनने अलवाइफ खाल्ले, धष्टपुष्ट झाले, आणि गळवाल्यांच्या नावांनी बंदरे भरली. एका माणसाच्या निर्णयाने एवढे पालटणे विरळा.

ओंटारियोची चाल वेगळी होती. प्रांताने १९६० च्या दशकात कोकानी नावाचा दुसरा सामन सोडून पाहिला, तो टिकला नाही. मग ब्रुक ट्राउट आणि लेक ट्राउट यांचा संकर, स्प्लेक, ह्यूरन सरोवरात सोडला. तो लवकर वयात येतो, तेव्हा लॅम्प्रीने मारण्याआधीच अंडी घालेल, हा हिशेब. आणि एक मासा तर चुकूनच सोडला गेला. १९५६ मध्ये आताच्या थंडर बे येथील मत्स्यबीज केंद्रातून पिंक सामनची उरलेली सुमारे २१,००० पिल्ले चक्क नाल्यात ओतून दिली. कुणाला वाटले नाही की ती जगतील. ती जगली, आणि आज पाचही सरोवरांत पिंक सामन सापडतो. सरकारी कागदोपत्री एवढ्या योजना झाल्या, पण सर्वांत स्वस्तात यशस्वी झाली ती हीच!

दोन्ही बाजूंच्या वृत्तीत फरक का, याचे निम्मे उत्तर पैशात आहे. अमेरिकेत १९५० च्या एका कायद्याने गळ, काठ्या, रिळे यांवर केंद्राचा कर बसतो, आणि तो पैसा राज्यांना वाटताना तिथे किती जणांनी लायसन्स घेतले आहे हे पाहतात. म्हणजे गळवाला हाच राज्याचा मोठा गिऱ्हाईक. कॅनडात अशी वाटणी नाही. ओंटारियोत लायसन्सची फी एका राखीव खात्यात जाते आणि ती मासे व वन्यजीवांवरच खर्च होते, पण धंदेवाईक कोळ्यालाही प्रांताने अजून मानाचे पान ठेवले आहे.

ते पान पाहायचे तर ईरी सरोवरावर जावे. आपली स्पीड केंब्रिजजवळ ग्रँडला मिळते आणि ग्रँड पोर्ट मेटलंडला ईरीत पडते, तेव्हा हे आपल्याच पाण्याचे शेवटचे घर. तिथला राजा म्हणजे वॉलआय, ज्याला ओंटारियोत दुकानदार पिकरल म्हणतात. १९७० मध्ये माशांत पारा सापडला म्हणून त्याची मासेमारी बंद झाली. पुन्हा सुरू झाल्यावर ओहायो आणि मिशिगनने वॉलआय गळवाल्यांसाठी राखून ठेवला, आणि ओहायोने १९८४ मध्ये गिलनेट, म्हणजे ज्यात माशाचे कल्ले अडकतात ते उभे जाळे, बंदच केले. ओंटारियोत पोर्ट डोव्हर, व्हीटली या बंदरांतून गिलनेटच्या होड्या आजही जातात. तरी भांडण होत नाही, कारण दरवर्षी पाच जण एकत्र बसून सरोवरातून एकूण किती वॉलआय काढायचे ते ठरवतात आणि पश्चिमेकडच्या पाण्यापुरती क्षेत्रफळानुसार वाटणी करतात: ओहायो सुमारे ५१ टक्के, ओंटारियो ४३, मिशिगन ६. आपल्या वाट्याचे मासे जाळ्याने काढायचे की गळाने, हे ज्याचे त्याने पाहावे. आणि गंमत अशी, की ईरीतला वॉलआय सोडलेल्या पिल्लांवर अवलंबून नाही. मॉमी नदीत आणि सरोवरातल्या खडकाळ उथळ जागी तो आपली आपण अंडी घालतो.

ईरीतच उलटे उदाहरणही आहे. पेनसिल्व्हेनिया वर्षाला साधारण दहा लाख स्टीलहेड, म्हणजे सरोवरात जाऊन मोठा होणारा रेनबो ट्राउट, सोडते, कारण तिच्या वाट्याला आलेले ओढे आखूड आणि उन्हाळ्यात तापणारे. ओंटारियोकडे ग्रँड आहे आणि तिला मिळणारा व्हाइटमन्स क्रीक आहे. तिथे रेनबो स्वतःच वाढतो. ज्याच्याकडे चांगला ओढा आहे त्याला बोटुकली विकत घ्यावी लागत नाही, इतका साधा हा फरक आहे.

पण सोडलेल्या माशाला सीमा कळत नाही, आणि न सोडलेल्याला तर नाहीच. ह्यूरन सरोवरात मिशिगन वर्षानुवर्षे चिनूक सोडत होते. २००० नंतर त्यांनी काही वर्षे सोडलेल्या सगळ्या पिल्लांच्या हाडांत औषधाची खूण उमटवली आणि मोठे झालेले मासे तपासले. तेव्हा दिसले की सरोवरातले जवळपास ८० टक्के चिनूक जंगली जन्माचे आहेत, आणि तेही बव्हंशी ओंटारियोच्या नद्यांत जन्मलेले. म्हणजे भरल्या ताटात मिशिगन आणखी वाढत होते! त्याच सुमारास, २००३-०४ मध्ये, शिंपल्यांनी पाण्यातले अन्न शोषल्याने आणि इतक्या सामनांच्या तोंडी पडल्याने अलवाइफ कोसळला, आणि पाठोपाठ चिनूक उपाशी मेला. ह्यूरनकाठच्या मिशिगनच्या गावांतले होड्यांचे, मोटेलांचे धंदे बसले. पण अलवाइफ गेल्यावर स्थानिक माशांची पिल्ले जगू लागली, कारण अलवाइफ ती खात असे. सॅगिनॉ उपसागरात वॉलआय इतका वाढला की २००६ मध्ये मिशिगनने तिथे तो सोडणे थांबवले.

यापासून शहाणे होऊन ओंटारियो सरोवरावर न्यूयॉर्क आणि ओंटारियो दोघांनी एकमेकांना विचारून २०१७ मध्ये चिनूक सोडणे २० टक्क्यांनी घटवले. आधीच्या दोन कडक हिवाळ्यांत अलवाइफची पिल्ले फार कमी जगली होती. न्यूयॉर्ककडच्या होडीवाल्यांनी आरडाओरडा केला. मला त्यांची कीव येते, पण निर्णय बरोबर होता असेच वाटते. आणि सुपीरियर सरोवरात, जिथे सोडणे बऱ्याच भागात कधीच थांबवले, तिथला लेक ट्राउट पूर्ववत झाल्याचे २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले.

आपल्या मुलखातही अशी गोष्ट घडली आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले आणि नावात स्थानिक शब्द ठेवला: टोर खुद्री. पुढे धरणांनी आणि सुरुंगांनी हा मासा दुर्मिळ झाला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची पैदास केली. काम नमुनेदार झाले, आणि आज टोर खुद्री धोक्याच्या यादीतून बाहेर आहे. पण त्याची बोटुकली १९७० च्या दशकात शेजारच्या कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीच एक वशिंडाचा महसीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी. त्याला शास्त्रीय नावही नीट नव्हते. २०१८ मध्ये तो टोर रेमादेवी असल्याचे ठरले, आणि त्याच वर्षी त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणे आहेतच, पण लोणावळ्याहून आलेला पाहुणा हेही एक प्रमुख कारण संशोधक मानतात. आपल्याच माशाने शेजाऱ्याचा मासा हटवला, तोही सर्वांच्या सदिच्छेने.

सदिच्छेवरून आठवले. धाकटी लहान असताना तिच्या टाकीतला गोल्डफिश मी स्पीडच्या एका डबक्यात सोडला होता, जीवदया म्हणून. आता हॅमिल्टन बंदरात गोल्डफिशचे थवेच्या थवे फिरतात, आणि परवान्याशिवाय कोणताही मासा पाण्यात सोडणे ओंटारियोत गुन्हा आहे. आमिषाचे उरलेले जिवंत मासे किंवा त्या बादलीतले पाणी कोणत्याही पाण्यापासून ३० मीटरच्या आत ओतायलाही मनाई आहे. घरी टाकी असेल तर दुकानदाराला परत द्या, मुलांना वाईट वाटले तरी चालेल.

जाता जाता कामाचे. ग्वेल्फ हे मासेमारीच्या १६ व्या विभागात येते, नियम त्या पानावर पाहावेत. १८ ते ६४ वयाच्या कॅनडावासीयांना लायसन्स लागते, ६५ च्या वरच्यांना लागत नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मात्र वय ६५ च्या वर असले तरी लागते, आणि अण्णांच्या वेळी हे कळायला आम्हाला उशीरच झाला. दिवसभरापुरतेही मिळते. धरलेला मासा खाणार असाल तर प्रांताच्या खाण्यासंबंधीच्या मार्गदर्शिकेत त्या तलावाचे नाव शोधा. पाऱ्यामुळे लहान मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी वेगळे, कमी प्रमाण दिलेले असते. आणि नुसते पाहायचेच असेल तर सप्टेंबरात पोर्ट होपला गॅनरास्का नदीच्या बंधाऱ्यापाशी जावे. चिनूक उड्या मारताना दिसतात. सकाळी लवकर निघावे, दुपारनंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.