एक धावदोरा, दहा हजार टाके!

रत्नागिरी म्हटलं की हापूस आधी हात वर करतो. मग काजू, मग थिबा पॅलेस. आज तिघांनाही बाकावर उभं करू या, कारण आजची सेलिब्रिटी आहे माळ्यावर घडी होऊन पडलेली आपली गोधडी, उर्फ वाकळ!

कॅल्क्युलेटर काढा. साधी सहा बाय चार फुटांची गोधडी, म्हणजे साधारण 180 बाय 120 सेंटिमीटर. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, दोनेक सेंटिमीटर अंतर धरा. आता सगळ्या ओळी उलगडून एकापुढे एक ठेवल्या तर लांबी किती भरेल, माहीत आहे का? 108 मीटर! जपमाळेत जेवढे मणी, तेवढे मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला की आकडा पोचतो 10,800 वर. सुगरण हाताचा बारीक टाका असेल तर डबल. आणि शिलाई मशीनला इथे नो एंट्री.

टाका कुठला? धावदोरा. शिवणकामातला अगदी बालवाडीचा टाका. पण याच धावदोऱ्यावर बंगालचा कांथा चालतो, बिहारची सुजनी चालते आणि जपानचा साशिकोही. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, दोरा मात्र जगभर धावतोय.

गोधडीला फ्रेम लागत नाही, हे माहीत आहे का? जमिनीवर थर अंथरायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या आणि कडेने सुरुवात करायची. चौकोनात चौकोन करत मध्याकडे सरकायचं. बसायची जागा? गोधडीवरच!

कच्चा माल तर घरचाच. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर तयार. कात्रीसुद्धा लाजेल इतकं सोपं. मापच आयतं मिळाल्यावर अंथरूण पाहून पाय पसरायची चिंता कशाला?

आता फ्लॅशबॅक. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 साली स्थापन केली. मग गिरण्या वाढल्या आणि त्या चालवायला माणसं आली कुठून? 1911च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले! (तेव्हा सिंधुदुर्गही रत्नागिरीच्याच पोटात होता. संसार वेगळे झाले ते 1981 मध्ये.) म्हणजे गंमत बघा. मुंबईत साच्यावर कापड विणणारे हात कोकणातले, आणि ते कापड विरलं की त्याचे थर लावून शिवणारे हातही कोकणातलेच. तो तिकडे साचा चालवतोय, ती इकडे सुई. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि भोंगे गप्प झाले. सुया मात्र कुठल्याच युनियनच्या मेंबर नव्हत्या. त्या चालूच राहिल्या.

कोकणात कडाक्याची थंडी कुठे, मग गोधडी कशाला? अहो, ती पांघरायला कमी, अंथरायला जास्त! सारवलेली जमीन, त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस. ओल वर येऊ नये म्हणून मध्ये चार-पाच थर हवेतच. थरांत अडकलेली हवा हेच तिचं इन्सुलेशन.

आणि हे धूड वाळवायचं कुठे? मे महिन्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर! तापलेल्या कातळाइतका दमदार ड्रायर अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. रत्नागिरीच्या याच सड्यांवर प्राचीन कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. त्यात कोरलेल्या कुठल्या हत्तीवर कुणाची वाकळ वाळली असेल, हे तो कातळच जाणे.

थोडं दक्षिणेला, उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. मूळ आफ्रिकेचा. त्यांच्या गोधडीचं नाव कवंदी. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावल्याशिवाय कवंदी पूर्णच होत नाही. फुलं नसतील तर ती म्हणे उघडी दिसते!

थरांची ताकद राजांनाही कळली होती. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईने सैनिकांच्या अंगरख्यांसाठी फर्मान काढलं: कापडाचे 30 थर हवेत, निदान 25 तरी, शिवाय वर हरणाचं कातडं. गोधडी घालून लढाई! बाण अडायचा की नाही ते सोडा, घाम नक्की सुटत असणार.

रेकॉर्ड हवं? अमेरिकेत 1987 मध्ये एड्सने गेलेल्या माणसांच्या आठवणीत एक गोधडी सुरू झाली. तुकड्यांवर गेलेल्यांची नावं, आणि तुकडे वाढतच गेले. आज वजन 54 टन. इथे विनोद सुचत नाही, पुढे चला.

टाके पुरे, गाठी मोजू या! आर्मेनियन अनाथ मुलींनी लेबनॉनमधल्या गझीरच्या अनाथालयात विणलेला एक गालिचा 1925 साली अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट मिळाला. त्यात गाठी किती? 44,04,206. आपल्या हिशेबाने तब्बल 408 गोधड्यांचे टाके एकाच गालिच्यात. एवढा मोठा ऐवज पुढे वर्षानुवर्षं गोदामात पडून होता. 2014 मध्ये तो लोकांना बघायला मिळाला.

तान्ह्याचं दुपटं नव्या कापडाचं का नसतं? कारण शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ कधीच निघून गेलेली असते. असा मऊपणा कारखान्यात नाही मिळत, आजीच्या ट्रंकेत मिळतो. हल्ली हीच चिंधी ‘अपसायकल्ड’ असं लेबल लावून इन्स्टाग्रामवर येते, तेव्हा किंमत बघून आजी दोनदा चष्मा पुसेल.

आणि आता शेवटचा फटाका. गोधडीकाम अंतराळातही झालंय, माहीत आहे का? 2013 मध्ये कॅरन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी अंतराळ स्थानकात सुईदोऱ्याने गोधडीचा नऊ इंची तुकडा शिवला. डिझाइन अर्थातच तारा! सगळ्यात अवघड काय गेलं? कापड मापून कापणं, कारण ते तरंगत सुटायचं. रत्नागिरीत निदान एवढं बरं आहे, गोधडी उडाली तर फार तर शेजाऱ्यांच्या पडवीत जाते.