गाळाचा कण मोजायचा कुठे?

कतारमध्ये बारमाही नदी एकही नाही, तरी लुसैलच्या किनाऱ्यावर गाळाचा प्रश्न आहेच. गेल्या दोन दशकांत दोह्याच्या उत्तरेला उभे राहिलेले हे शहर मरिना, कालवे आणि कतैफान बेटे घेऊन थेट समुद्रात शिरले आहे. शेजारचे ‘द पर्ल’ तर भराव टाकूनच घडवलेले. समुद्रतळ उपसला की गाळ उठतो. उपसा नसला तरी ‘शमाल’ हा वायव्येचा वारा सुटला की वाळवंटातली धूळ पाण्यात पडते आणि लाटा उथळ तळ घुसळून काढतात. गाळ किती, हे सगळेच विचारतात. त्याचे कण केवढे, हा प्रश्न मागे पडतो, आणि मेख नेमकी तिथेच आहे.

कोकणातल्या खाडीत वरून नदीचे गोडे पाणी येते, खालून समुद्राचे खारे. आखातात सगळा उलटा कारभार. सरासरी जेमतेम ३५ मीटर खोलीच्या या समुद्रातून बाष्पीभवन प्रचंड होते. मागे उरलेले जास्त खारट, म्हणून जड पाणी तळाने होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडते आणि त्याच्या जागी वरच्या थरातून कमी खारे पाणी आत येते. या उलट्या खाडीत तरंगणारा गाळही वेगळा. त्यात शिंपल्यांचा आणि प्रवाळांचा चुरा, म्हणजे चुनखडीचा अंश, भरपूर असतो.

वीस आणि दोन

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ६२ मायक्रॉनच्या वर वाळू, त्याखाली चारपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, बारीक कणाचा व्यास दहापट झाला की त्याचा बुडण्याचा वेग शंभरपट होतो. दहा मीटर खोल संथ पाण्यात २० मायक्रॉनचा कण आठेक तासांत तळाला जातो. दोन मायक्रॉनच्या कणाला महिना लागतो. त्यातही उन्हाळ्यात पाणी तापून पातळ होते, त्यामुळे लुसैलसमोर तोच कण जानेवारीपेक्षा ऑगस्टमध्ये सुमारे तिसऱ्या हिश्शाने जास्त वेगात बुडेल.

उपसलेला गाळ तिथल्या तिथे बसणार की प्रवाहाबरोबर समुद्री गवतावर जाऊन पडणार, हे अशा आकड्यांवर ठरते. आखातातल्या डुगॉंगांचे पोट याच गवतावर भरते. कतारचे पिण्याचे पाणीही बहुतांशी समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेले. तिथे अतिबारीक कण गाळण्या आणि पडदे तुंबवतात.

कामाच्या जागी सहसा गढूळपणाचा मीटर टांगलेला असतो. तो पाण्यात प्रकाश टाकतो आणि विखुरलेला प्रकाश मोजतो. उपकरण स्वस्त आणि सोयीचे, पण वजनाने तितकाच असलेला बारीक गाळ जाड गाळापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश विखुरतो. म्हणून त्याच जागेचा गाळ घालून मीटर जुळवून घेतला नाही, तर त्यावरच्या आकड्यातून गाळाचे वजन कळत नाही.

गुच्छ आणि बाटली

पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे घरोघरी ठाऊक आहे. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी हा भार मारते आणि कण चिकटतात. खाडीत तेच काम समुद्राचे मीठ करते. दोन-चार मायक्रॉनचे कण, सोबत जिवाणूंचा चिकट स्राव, असे मिळून शेकडो मायक्रॉनचे गुच्छ बनतात. ते पोकळ, हलके आणि कमालीचे नाजूक असतात. बाटलीत भरताना, पंपाने ओढताना ते फुटतात. उरलेसुरले प्रयोगशाळेत मुद्दाम रसायन घालून फोडले जातात. मग अहवालात येतो तो सुट्या मातीचा आकार. समुद्रात बुडत होता तो गुच्छ.

चाळणी आणि पिपेट या जुन्या पद्धतींत हाच दोष. रक्तपेशी मोजण्यासाठी वॉलेस कूल्टर यांनी काढलेले यंत्र, ज्याचे पेटंट १९५३ चे, गाळासाठीही वापरात आले. पण त्यातही कणाला बारीक छिद्रातून जावे लागते. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओवेन यांनी पाण्यातच आडवी बंद होणारी नळी वापरली. वर आणून ती उभी करायची आणि ठरावीक वेळाने तळाचे पाणी काढत गाळ किती वेगाने बसतो ते पाहायचे.

मोठी उडी लेझरची. योगेश अग्रवाल आणि पॉट्समिथ यांनी विकसित केलेले ‘लिस्ट’ हे उपकरण थेट पाण्यात सोडतात. लेझरची तिरीप काही सेंटिमीटर पाण्यातून जाते. मोठा कण प्रकाश थोडा वळवतो, लहान कण जास्त. समोरची ३२ वर्तुळाकार कडी तो झेलतात आणि त्यावरून गणिताने आकारांची वाटणी निघते. कणाला कुणी हात लावत नाही.

मांडवी, झुआरी

आपल्याकडे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ पासूनची. बंदरांत साचणारा गाळ हा तिचा नेहमीचा विषय. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील पूर्णचंद्र राव आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडवी-झुआरीचा ऋतुवार आढावा प्रसिद्ध केला. सर्वाधिक गढूळ पट्टा पावसाळ्यात आणि त्याआधीच्या महिन्यांत उधाणाच्या वेळी नदीच्या पात्रात दिसतो. पावसाळ्यानंतर भांगाच्या दिवसांत तो उपसागराकडे सरकतो. याच नद्यांतून लोहखनिजाचे बार्ज मुरगावकडे जात. हेमटाइटचा कण त्याच आकाराच्या क्वार्ट्झपेक्षा सुमारे अडीचपट वेगाने बुडतो. म्हणजे आकारासोबत कण कशाचा, हेही विचारायला हवे.

लुसैलला लेझर नेला म्हणून प्रश्न मिटत नाही. शिंपल्याची चपटी कपची गोल कणासारखी वागत नाही. हवेचे बुडबुडे कण म्हणून मोजले जातात. कमी-जास्त खारट थर जिथे भेटतात तिथे प्रकाश आपोआप वाकतो आणि नसलेले मोठे कण ‘दिसतात’. गाळ दाट झाला तर तिरीप पलीकडे पोचतच नाही. म्हणून जाणकार लेझर, कॅमेरा, बाटली आणि मीटर एकत्र वापरतात आणि एकाचा आकडा दुसऱ्यावर ताडून घेतात.

बंदराच्या किंवा भरावाच्या अहवालात ‘कणांचा सरासरी आकार’ छापलेला असतो. जनसुनावणीला जाणाऱ्याने तिथे दोन गोष्टी विचाराव्यात. मोजणी पाण्यात झाली की बाटलीत? आणि गाळ किती दूर जाईल हे सांगणाऱ्या गणितात गुच्छाचा वेग घातला की सुट्या मातीचा? याची उत्तरे अहवालात नसतील, तर त्यातला गाळाचा नकाशा अजून कच्चाच आहे.