खडूची रेघ
जालना रोडवरच्या टायरच्या दुकानात आमच्या जुन्या ऑक्टाव्हियासाठी दोन चाकं शेजारी शेजारी उभी केली. एक तिचं मूळचं पंधरा इंची, दुसरं मित्राकडून आणलेलं सतरा इंची. गाडी इथलीच, जवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. 2001पासून तिथून ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली. दुकानदारांनी दोन्ही चाकांवर एक पट्टी आडवी टाकली. पट्टी अगदी सपाट बसली. सतरा इंची म्हणजे चाक मोठं, हा माझा समज तिथेच संपला.

एकावर 195/65 आर15, दुसऱ्यावर 225/45 आर17. आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग टायरची बाजू त्या रुंदीच्या किती टक्के उंच ते, शेवटी रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर एकाचा पूर्ण व्यास 634.5 मिमी येतो, दुसऱ्याचा 634.3. म्हणजे गिअर आणि स्पीडोमीटरला फरकच पडत नाही. फरक पडतो तो रबराच्या बाजूत: 127 मिमीची 101 होते. उरलेली जागा रिम घेतं.

"उचलून बघा, साहेब," दुकानदार म्हणाले. सतरा इंची चाक हाताला चांगलंच जड लागलं. त्यातही रिमचं वजन मध्यापासून लांब गेलेलं. असं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला.

पुढे दोन्ही प्रकारची चाकं लावून हे सगळं चेन्नईजवळ, इरुंगट्टुकोट्टईच्या 3.7 किमीच्या ट्रॅकवर अनुभवलं. तिथे एकाने टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून बाजूवर उतरणारी खडूची रेघ ओढायला शिकवलं. चार फेऱ्या मारून यायचं आणि रेघ कुठवर पुसली ते बघायचं. पंधरा इंचीची रेघ पार बाजूवर खालपर्यंत पुसली गेली होती. वळणात टायर अक्षरशः आडवा होत होता. सतरा इंचीची खांद्यावरच थांबली. स्टिअरिंग वळवताक्षणी गाडी वळायची, पण हळू वळणातून बाहेर पडताना ती आळसावल्यासारखी वाटे. मग पंधरा इंचीत चार पीएसआय हवा वाढवली, तर रेघ बरीच वर राहिली. हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण हवेला पैसे पडत नाहीत. मात्र तापलेल्या टायरची हवा आपोआप चढते, म्हणून दर वेळी आत आलं की मोजायचीच.

आता सोळा इंची हलकी रिमं शोधतोय, 205/55च्या टायरसाठी. व्यास 631.9 येतो. पैसे उरतील ते चांगल्या रबरात घालीन. खडू डिकीत आहेच.