तासाभरातले 38 सेकंद

अर्धांगवायूचा पेशंट पाय पसरून बसलाय, नडगीवर दोन पॅड चिकटवलेत आणि नातेवाईक फोनवर घरी सांगताहेत, "आज तासभर करंट दिला." फिजिओथेरपीच्या खोलीतलं हे नेहमीचं दृश्य. तो तास एकदा मोजून पाहण्यासारखा आहे. लोंबकळलेलं पाऊल उचलायला साधारण सेकंदाला 35 स्पंद आणि प्रत्येक स्पंद 300 मायक्रोसेकंदांचा, असं सेटिंग चालतं. तासाला 1,26,000 स्पंद झाले. त्या सगळ्यांची लांबी जोडली, तर करंट प्रत्यक्षात वाहिला जेमतेम 38 सेकंद. मधे विश्रांती द्यावीच लागते, ती वजा केली तर आणखी कमी.

पण एकेक स्पंद किरकोळ नाही. 50 मिलिअँपिअरच्या एका स्पंदात सुमारे 94 लाख कोटी इलेक्ट्रॉनांइतका विद्युतभार सरकतो. त्यातला बराचसा कातडी, चरबी आणि इतर ऊतींतूनच निघून जातो, नसेच्या वाट्याला थोडाच येतो. तो पुरतो, कारण नस आधीच ताणलेल्या धनुष्यासारखी तयार असते. तिच्या आवरणाच्या आतबाहेर फरक फक्त 70 मिलिव्होल्टचा असतो, पण आवरणाची जाडी असते जवळपास 7 नॅनोमीटर. मीटरच्या हिशेबात मांडलं तर हे 1 कोटी व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे 30 लाख व्होल्ट पुरतात! आपल्या प्रत्येक नसेत, आत्ता हे वाचतानाही, एवढा ताण धरून ठेवलेला आहे. मशीन फक्त तो सोडतं.

मात्र सोडण्यात आणि चालवण्यात फार अंतर आहे. पाऊल वर उचलणाऱ्या, नडगीपुढच्या स्नायूत सुमारे 2,70,000 तंतू असतात आणि त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी असतात साडेचारशेच्या आसपास. म्हणजे एका पेशीच्या हाताखाली सरासरी सहाशे तंतूंची तुकडी. मेंदू कामाला लावताना छोट्या, चिवट तुकड्या आधी बोलावतो आणि त्यांना आळीपाळीनं राबवतो. एक दमली तर दुसरी उभी असते. मशीनला हा क्रम पाळता येत नाही. पॅडखाली ज्या सापडतील त्या तुकड्या ते एकदम आणि पुन्हा पुन्हा उठवतं. म्हणून करंटवर चालणारा स्नायू इतक्या लवकर थकतो. पॅराप्लेजियाचे, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडलेले, पेशंट करंटच्या जोरावर सायकल चालवतात, तेव्हा बहुधा 10 ते 25 वॅटच शक्ती मिळते. एक-दोन साध्या एलईडी बल्बांएवढी. तरीही 2016 मध्ये झुरिकच्या सायबॅथलॉन या, यंत्रांच्या मदतीनं अपंगांनी खेळायच्या स्पर्धेत अमेरिकेच्या मार्क मून यांनी शरीरात बसवलेल्या इलेक्ट्रोडांच्या जोरावर 750 मीटर 2 मिनिटं 58 सेकंदांत पार केले. मला हा आकडा कुठल्याही ऑलिम्पिक विक्रमाइतकाच मोठा वाटतो.

नसच तुटली असेल तर गणित पार बदलतं. मग स्नायूच्या तंतूलाच थेट उठवावं लागतं आणि तो फार जड झोपेचा असतो. व्हिएन्नाच्या हेल्मुट केर्न यांच्या गटानं अशा पायांसाठी 120 ते 150 मिलिसेकंदांचे स्पंद वापरले. नेहमीच्या स्पंदाच्या चारशे-पाचशे पट लांब.

संशोधनाची दिशाही आकड्यांतच दिसते. 1961 मध्ये लिबरसन या डॉक्टरांनी टाचेखालच्या एका बटणावर चालणारी, एकाच नसेला करंट देणारी युक्ती मांडली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्लीव्हलंडच्या बिल कोचेव्हार यांच्या मेंदूत 96 वाहिन्यांच्या दोन चिप आणि हातात 36 इलेक्ट्रोड होते. मान मोडून खालचं शरीर लुळं पडलेल्या या माणसानं, चिप बसवल्यापासून 463व्या दिवशी, नुसत्या इच्छेनं हात हलवून कॉफीचा मग तोंडाला लावला. 12 पैकी 11 वेळा जमलं.

असे विक्रम एकेका माणसाचे असतात, गरज मात्र कितीतरी जणांची आहे. जगात वर्षाला सुमारे 1 कोटी 22 लाख नवे स्ट्रोक होतात, म्हणजे अडीच-पावणेतीन सेकंदांना एक. आयसीयूत पडलेल्या गंभीर पेशंटच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा दिवसांत सरासरी 17.7 टक्के घटल्याचं 2013 च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. आणि दीर्घ आजारांनी अशक्त झालेल्या स्नायूंना करंटचा कितपत उपयोग होतो, हे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात अभ्यास होते 18 आणि पेशंट सगळे मिळून 933. सहा मिनिटांच्या चालण्यात सरासरी 35 मीटरची भर पडलेली दिसली. पलंगापासून बाथरूमपर्यंत स्वतः जाऊ पाहणाऱ्याला 35 मीटर कमी नाहीत. कमी आहेत ते 933. असे अभ्यास मोठ्या संख्येनं व्हायला हवेत, आपल्याकडच्या हॉस्पिटलांतही.

तोवर, तुमच्या घरात कुणाला करंट देत असतील तर पेसमेकर असल्यास आधी सांगा, सेटिंग फिजिओथेरपिस्टलाच ठरवू द्या, आणि स्पंद सुरू झाला की पेशंटला नुसतं बसू देऊ नका. मशीनबरोबर त्यांनी स्वतःही पाय उचलायचा प्रयत्न करायचा असतो. शेजारी बसून सांगत राहा, "बाबा, उचला. तुम्हीही उचला."