ड्रोनचा अदृश्य दोर

पतंगाला मांजा असतो. ड्रोनचा दोर रेडिओलहरींचा! एकाच मैदानावर अनेकजण ड्रोन उडवत असतील, तर हे दोर गुंतत कसे नाहीत?

पूर्वी ते गुंतत. अमेरिकेत विमानांच्या प्रतिकृती उडवणारे हौशी लोक ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरत. प्रत्येकाच्या यंत्रात एका ठरावीक वारंवारितेचा स्फटिक असे. दुसऱ्याने त्याच वारंवारितेवर यंत्र सुरू केले, की आकाशातले विमान भरकटून कोसळे.

यावर उपाय म्हणजे एका वारंवारितेवर थांबायचेच नाही. १९४२ साली अभिनेत्री हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी अशाच कल्पनेचे पेटंट मिळाले. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ वारंवारिता होत्या.

आज ड्रोनची बहुतेक नियंत्रणयंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशाच उड्या मारतात. उड्यांचा क्रम प्रक्षेपक व ग्राहक या जोडीने आधीच ठरवलेला असतो. दुसऱ्या जोडीशी टक्कर झालीच, तर एखादा संदेश वाया जातो; पुढचा लगेच वेगळ्या वारंवारितेवरून पोहोचतो. संदेश येणेच थांबले, तर ड्रोन आधी सांगून ठेवल्याप्रमाणे मोटारी बंद करतो किंवा परत फिरतो. उडवण्यापूर्वी ही सोय तपासलीच पाहिजे; खाली माणसे असतात.

वर्गात करून पाहा : चार कोपऱ्यांना क्रमांक द्या. विद्यार्थ्यांच्या दोन जोड्यांना कोपऱ्यांच्या वेगवेगळ्या याद्या द्या. प्रत्येक टाळीला जोडीने यादीतल्या पुढच्या कोपऱ्यात जाऊन एक शब्द सांगायचा. दोन्ही जोड्या एकाच कोपऱ्यात आल्या, तर तो शब्द बाद. नंतर दोघींना एकाच कोपऱ्यात उभे करा. किती शब्द पोहोचले?